‘इराणने’ की ‘इराणी बनावटीचे’? रस्त्यावरच्या बॉम्बची बातमी कशी वाचावी

नागपूरच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं उपसंपादक होते. त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. परदेशाचं पान आणि गडचिरोलीचं पान बहुतेक वेळा एकाच टेबलावर लागायचं, त्यामुळे रस्त्यात पेरलेल्या बॉम्बच्या किती बातम्या हातून गेल्या याची मोजदाद नाही. आता घरी असते. सोसायटीच्या ग्रुपवर अशी बातमी आली, आणि तिच्यात ‘बाहेरून शिकून आलेले’, ‘परदेशी हात’ वगैरे शब्द असले, की कुणीतरी विचारतंच, ‘ताई, खरं असेल का हो हे?’ खरं की खोटं ते मला घरबसल्या कसं कळणार? पण बातमीत नेमकं काय म्हटलंय आणि काय म्हटलेलंच नाही, हे वाचता येतं. ते कसं, तेवढंच सांगते.

हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. एक हेडिंग चुकलं आणि शिकले.

११ फेब्रुवारी २००७, रविवार. रविवारी डेस्कवर माणसं कमीच, आम्ही तिघं. डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी) सोडायची घाई चाललेली, तेवढ्यात बगदादहून एजन्सीची कॉपी आली. अमेरिकी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना बोलावून काही शस्त्रं दाखवली होती. मॉर्टरचे गोळे होते, त्यांच्यावरचे आकडे होते, आणि चिलखती गाडीलाही भेदून जाणारे रस्त्यावरचे बॉम्ब होते. हा माल इराणमधून इराकी शिया गटांकडे येतो, आणि जून २००४ पासून अशा बॉम्बनी अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांतले १७० हून अधिक सैनिक मारले, ६२० हून अधिक जखमी केले, असं त्यांचं म्हणणं. जागा दोन कॉलमची. मी हेडिंग ठोकलं: ‘इराणी बॉम्बने १७० अमेरिकी सैनिक ठार’. पान सुटलं, मी घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात पाय ठेवते तोच ऑपरेटरने फोन जोडून दिला. काटोलकडचे एक निवृत्त सुभेदार. खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, उभी नोकरी झालेली. आवाज चढलेला नव्हता, पण प्रश्न असा होता की मी उभीच राहिले.

‘मॅडम, एकाच बॉम्बानं एकशे सत्तर माणसं मेली काय हो? एका रात्रीत?’

मी म्हटलं, नाही, ते अडीच वर्षांतले सगळे मिळून आहेत.

‘मंग तसं लिहा ना. आमच्या गावात सकाळपासून लोक म्हणून राह्यले, काल इराननं एकशे सत्तर मारले, आता लढाई लागते म्हणून.’

हेडिंगातल्या सहा शब्दांत मी चार चुका केल्या होत्या. बॉम्ब एक नव्हता. सैनिक सगळे अमेरिकी आहेत असं कॉपीत नव्हतं. काळ गाळला होता. आणि हा सगळा दावा होता, तो मी घडलेली गोष्ट म्हणून छापला होता. चौथी सगळ्यात मोठी, आणि सुभेदारांनी ती फोनवर काढलीही नाही. ती पुढे ते संत्र्यांची पिशवी घेऊन ऑफिसात आले तेव्हा काढली.

तर पहिलं काम: बोललं कोण, ते शोधा. नाव आहे का? पद आहे का? कुठे, कुणासमोर बोलला? बगदादच्या त्या बैठकीत कॅमेरा आणि रेकॉर्डर नेऊ दिले नव्हते, आणि बोलणाऱ्यांची नावं छापायची नाहीत ही अट होती. नाव नाही म्हणून माणूस खोटं बोलतो असं नव्हे. गुप्तहेर खात्यातला माणूस नाव कशाला देईल? पण बिननावाच्या दाव्यावर पुराव्याचा भार जास्त पडतो, आणि वाचताना तो तसाच टाकायचा. ज्या बातमीत ‘सूत्रांनुसार’ हा एकच आधार आहे, ती मी आजही पेन्सिलीने वाचते. म्हणजे खोडता येईल अशी.

दुसरं काम थोडं आपल्या भाषेतलं आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्यय बघा. मराठीत ‘ने’ लागला की कर्ता पक्का होतो. ‘इराणने बॉम्ब पुरवले’ म्हटलं की तेहरानमधलं अख्खं सरकार एकमताने बॉम्ब पुरवतंय असं चित्र उभं राहतं. ‘इराणमधून आलेले बॉम्ब’ ही वेगळी गोष्ट झाली. सीमेपलीकडून आले, कुणी दिले, विकले, चोरून आणले, ते यात नाही. ‘इराणी बनावटीचे बॉम्ब’ ही तिसरी. आणि ‘इराणी पद्धतीचे’ म्हणजे तर कुणीही, कुठेही, पद्धत शिकून बनवलेले. चार प्रत्यय, चार बातम्या. इंग्रजी कॉपीत हे फरक बऱ्याचदा शाबूत असतात. रात्री एक वाजता आपण मराठीत आणताना सगळ्यांचा ‘इराणने’ करून मोकळे होतो, कारण हेडिंगात तेवढंच मावतं.

हा शब्दच्छल नाही. त्याच आठवड्यात हे थेट अमेरिकेच्या सर्वोच्च पातळीवर झालं. बगदादमधले अधिकारी म्हणाले होते की हे इराणच्या अगदी वरच्या पातळीवरून चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष जनरल पीटर पेस ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या दौऱ्यात म्हणाले की वस्तू इराणमध्ये तयार झाल्यात हे दिसतं, पण त्यावरून इराणच्या सरकारचा यात थेट हात आहे असं आपण म्हणणार नाही. १४ फेब्रुवारीला अध्यक्ष बुश बोलले. कुद्स फोर्सचा (इराणी लष्कराची परदेशात काम करणारी शाखा) यात हात आहे हे पक्कं, पण इराणच्या वरच्या नेत्यांनी तो हुकूम दिला की नाही हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या प्रत्ययावर मी क्षणभरही थांबले नव्हते, त्यावर अमेरिकेचे सेनापती आणि अध्यक्ष तीन दिवस अडखळत होते. त्याआधी ऑक्टोबर २००५ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही लंडनमध्ये असंच जपून म्हटलं होतं: बॉम्बची जात बघता बोट इराणमधल्या काही मंडळींकडे किंवा हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र शिया संघटनेकडे जातं, पण खात्री देता येत नाही. इराण हे सगळं नाकारतच आला. तेही बातमीत शेवटच्या ओळीला असतं आणि जागा कमी पडली की पहिली कात्री तिलाच लागते. म्हणून शेवटची ओळ वाचत चला.

सुभेदारसाहेब आले त्या दिवशी त्यांनी टेबलावर चार संत्री मांडली. खरंच मांडली. म्हणाले, हे सामान. हा पैसा. हा माणूस. आणि ही विद्या. ‘बाहेरून मदत आली म्हनलं का यातलं नेमकं कोन्तं आलं, ते इचारा. चारी एकदम येते असं नाही.’ माझ्या मते या विषयावर याहून चांगलं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. त्या चार संत्र्यांवर बातमी ठेवून बघायची सवय लावून घ्या.

सामान सापडतं. त्यावर आकडे असतात, छाप असते, ते फोटोत दाखवता येतं. पैसा कागदावर कुठेतरी उमटतो. माणूस पकडला जातो. विद्या मात्र दिसत नाही. ती एकदा डोक्यात शिरली की सीमेवर तिची झडती कुणी घेऊ शकत नाही, आणि शिकवणारा निघून गेला तरी ती मागे राहते. म्हणून ‘कौशल्य पुरवलं’ असं जिथे लिहिलेलं असेल तिथे सगळ्यात कडक प्रश्न विचारायचे: कोणी शिकवलं, कुठे, किती जणांना, आणि हे कळलं कशावरून?

या प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तर असलेली एक बातमी सांगते. २० जानेवारी २००७ ला करबलात अमेरिकी गणवेशासारखे कपडे घालून आलेल्या हल्लेखोरांनी पाच अमेरिकी सैनिकांना मारलं. मार्चमध्ये बसऱ्यात, या हल्ल्याचा आरोप असलेल्या इराकी गटाच्या दोन म्होरक्यांबरोबर एक माणूस सापडला. तो मुका-बहिरा असल्याचं सोंग करून बसला. पुढे तो बोलू लागला. अली मुसा दकदूक, लेबनॉनचा, हिजबुल्लात २४ वर्षं काढलेला. २ जुलैला ब्रिगेडियर जनरल केविन बर्गनर यांनी बगदादमध्ये हे जाहीरपणे, स्वतःच्या नावाने सांगितलं. त्यांच्या म्हणण्यानुसार तेहरानजवळच्या तळांवर एका वेळी वीस ते साठ इराकींना नेऊन बॉम्ब, मॉर्टर, अपहरण असलं शिक्षण दिलं जात होतं, आणि दकदूक त्या कामावर होता. त्याच्याकडे डायरी आणि कागदपत्रं सापडल्याचंही सांगितलं.

आता ही आणि फेब्रुवारीची बातमी शेजारी ठेवा. इथे बोलणाऱ्याला नाव आहे. पकडलेल्या माणसाला नाव आहे. जागा आहे, संख्या आहे, कागद आहे. तरीही ही एका बाजूची, लढणाऱ्या लष्कराची माहिती आहे, आणि कैद्याच्या जबाबावर किती विसंबायचं हा प्रश्न उरतोच. पण या बातमीत ‘विद्या’ नावाचं संत्रं हातात धरता येतं. फेब्रुवारीच्या बातमीत फक्त सामान होतं, बाकीची तीन आपण मनानेच धरून घेतली होती.

उलटी बाजूही बघा. परदेशी म्हटला की तो गुरूच असणार असं आपण धरतो. २००७ च्या शरद ऋतूत अमेरिकी फौजांना सीरियाच्या सीमेजवळ सिंजारला अल कायदाच्या इराकी शाखेचं दप्तर सापडलं. बाहेरून आलेल्या सातशेच्या आसपास लढवय्यांच्या नोंदी. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या अभ्यासकेंद्राने डिसेंबरात त्या प्रसिद्ध केल्या. देश नोंदवलेल्यांत ४१ टक्के सौदी, त्याखालोखाल लिबियाचे. आणि ‘काम काय करणार’ या रकान्यात उत्तर दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आत्मघातकी हल्ला असं लिहिलेलं. ही पोरं शिकवायला आलीच नव्हती, मरायला आली होती. त्यांना वापरून घेणारे, रस्ते माहीत असलेले, सामान जमवणारे बहुतेक इराकी. अशा ठिकाणी ‘परदेशी अतिरेक्यांनी स्थानिकांना तयार केलं’ असं सरसकट लिहिणं म्हणजे गोष्ट उलटी टांगणं आहे.

याला जोडूनच विचारायचं: घरात काय पडलं होतं? २३ मे २००३ ला अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी लष्कर बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित माणसं एका सहीने घरी. त्यांत स्फोटकं हाताळणारे अभियंतेही असणारच. दारूगोळ्याची कोठारं उघडी पडली होती. एकट्या अल काका या ठिकाणाहून साडेतीनशे टनांच्या आसपास स्फोटकं गायब झाल्याचं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ऑक्टोबर २००४ मध्ये कळवलं. ज्या घरात एवढं सामान आणि एवढे जाणकार बेकार बसलेत, तिथे शेजाऱ्याने काय शिकवलं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. बातमी देणाऱ्या सरकारला मात्र तो पहिला करायला आवडतो, कारण कोठाराला कुलूप का नव्हतं हे मग कुणी विचारत नाही.

सुभेदारसाहेबांना मी विचारलं होतं, तुम्हाला हे एवढं कसं माहीत? ते १९८७ मध्ये भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला गेले होते. रस्ता मोकळा करणारी तुकडी. पुढे दोघं, मध्ये अंतर, रस्त्याच्या कडेची ताजी माती, उगाच पडलेली फांदी, आणि रोज दिसणारी पोरं आज अंगणात का नाहीत, हे बघत चालायचं. एवढं सांगून ते थांबले आणि संत्रं सोलायला लागले. सोललं, पण खाल्लं नाही. मग म्हणाले, ‘आमाले वाटे, याहिले शिकवलं कोन? मंग कयलं. आपूनच.’

हे खरं आहे. १९८३ नंतर भारताने श्रीलंकेतल्या तमिळ गटांच्या तरुणांना आपल्या भूमीवर लष्करी शिक्षण दिलं, आणि त्यांत एलटीटीईची, म्हणजे तमिळ वाघांची, पोरंही होती. पुढे एलटीटीईने ते आणखी वाढवलं, बाहेरून आणि स्वतःच्या डोक्याने. ऑक्टोबर १९८७ मध्ये आपल्याच फौजेशी त्यांची गाठ पडली, आणि मार्च १९९० पर्यंत सुमारे १२०० भारतीय सैनिक तिथे मारले गेले. तेव्हा ‘परदेशी हात’ हा शब्द वाचताना एकदा मनात विचारावं, की ही बातमी पलीकडच्या गावात कशी छापली गेली असेल?

आकड्यांबद्दल थोडक्यात. आकडा दिसला की त्याला तीन गोष्टी चिकटवा: कधीपासून कधीपर्यंत, कोण मेले, कशाने मेले. याच एका विषयावर तीन आकडे फिरतात. २००७ चा १७० मी सांगितला. २०१५ मध्ये अमेरिकी लष्कराचे कागद बाहेर आले, त्यांत नोव्हेंबर २००५ ते डिसेंबर २०११ मध्ये चिलखत भेदणाऱ्या याच बॉम्बने १९६ मृत्यू आणि ८६१ जखमी. २०१९ मध्ये पेंटॅगॉनने (अमेरिकी संरक्षण खात्याने) ६०३ हा आकडा दिला. लोकांनी लगेच ‘आधी १९६, आता ६०३, बघा कसं फुगवतात’ असं म्हटलं. पण ६०३ हा २००३ ते २०११ मधला, आणि तो इराणच्या पाठिंब्याच्या गटांनी कुठल्याही शस्त्राने मारलेल्या अमेरिकनांचा आहे: रॉकेट, मॉर्टर, बंदूक, सगळं धरून. आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, ते वेगळ्या गोष्टी मोजतात. ६०३ मधला प्रत्येक जण इराणच्या खात्यावर टाकायचा का, हा वाद निराळा.

शब्दाचीही एक अडचण आहे. आपण प्रत्येक स्फोटाला ‘भूसुरुंग’ म्हणतो. सुरुंग आपल्याकडे विहिरीतून आलेला शब्द. आमच्या शेतात विहीर खोदताना कातळ लागला की सुरुंगवाला यायचा. तो दोन्ही हात वर करून ओरडला की आई आम्हाला गोठ्यात कोंडून दार लावायची, आणि मग जमीन पोटातून हलायची. म्हशी सुद्धा त्या आरोळीला कान टवकारायच्या. त्यामुळे ‘भूसुरुंग’ वाचला की मराठी माणसाला ते गावातल्या गावात जमणारं काम वाटतं, आणि ‘आयईडी’ (म्हणजे हाताने जुळवलेला बॉम्ब) वाचलं की परदेशातून आलेलं. वस्तू तीच असू शकते. शब्दावरून उगम ठरवू नका.

१ मे २०१९ ला गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी केलेल्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज होता: ‘हे सगळं श्रीलंकेतून शिकलेत.’ एलटीटीईच्या माणसांनी फार पूर्वी दंडकारण्यात नक्षलवाद्यांना शिकवलं, हे वर्षानुवर्षं लिहिलं जातं. मी एवढंच लिहिलं, ‘आजच्या स्फोटाबद्दल हे कोण म्हणालं?’ उत्तर आलं नाही. हात जोडलेली दोन चित्रं आली. आणखी कुणीतरी बॉम्बची आकृती टाकली होती, बाण वगैरे दाखवून. ती मी ॲडमिनला सांगून काढायला लावली. असलं काही आलं तर पुढे पाठवू नका. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याच्या हातात ते पडायला नको.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, आणि कुणी करत नाही. अशी बातमी वहीत नोंदवून ठेवा आणि पाच वर्षांनी बघा. ऑगस्ट २००१ मध्ये बोगोटाच्या विमानतळावर तीन आयरिश माणसं पकडली. आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेची बॉम्बविद्या कोलंबियाच्या फार्क बंडखोरांना शिकवायला आले होते, हा आरोप. जगभर मथळे. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने शिकवण्याच्या आरोपातून सोडलं, खोट्या पासपोर्टवर दोषी धरलं. डिसेंबरात वरच्या न्यायालयाने ते फिरवून १७ वर्षं दिली. तोवर तिघंही देशातून निसटले होते, २००५ मध्ये आयर्लंडला उगवले. आता यातला कोणत्या दिवसाचा पेपर तुम्ही वाचला होता, त्यावर तुमचं मत ठरणार.

दकदूकचं मी स्वतः बघितलं. माझ्या वहीत त्याचं पान होतं. अमेरिकी फौजा निघाल्या तेव्हा, डिसेंबर २०११ मध्ये, त्याला इराकच्या ताब्यात दिलं. इराकी न्यायालयांनी पुरावा पुरेसा नाही म्हणत आरोप काढून टाकले, आणि १६ नोव्हेंबर २०१२ ला तो सुटून लेबनॉनला गेला. भाऊबीज आदल्या दिवशी झाली होती. त्या रात्री डेस्कवर सगळ्यांचे डोळे मातोश्रीकडे लागलेले. बाळासाहेबांच्या प्रकृतीच्या बातम्या दर दहा मिनिटांनी बदलत होत्या आणि पहिलं पान तीनदा मोडून लावलं होतं. मी सव्वाशे शब्दांची सिंगल कॉलम तयार करून ठेवली. हेडिंगात यावेळी ‘पुराव्याअभावी’ होतं आणि ‘ने’ कुठेच नव्हता. वृत्तसंपादकांनी मान वर न करता म्हटलं, ‘उद्या बघू.’ दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला बाळासाहेब गेले. त्यानंतरचे चार दिवस परदेशाचं पान लागलंच नाही.